नोहाच्या कपड्यांची बॅग

मित्रांनो, मी एक जुनी, निळी प्रवासी बॅग आहे. माझे एक चाक इफिस नावाच्या प्राचीन नगरातल्या संगमरवरी रस्त्यावर तुटले आणि तिथेच राहिले. माझी चेन अर्ध्यावर येऊन थांबते. विमानतळांवर चिकटवलेल्या पट्ट्यांचे काही तुकडे अजून माझ्या दांड्याला आहेत. ते पाहून तुम्हाला वाटेल, ही बॅग जग फिरली, हिने मोठी मजा केली असेल. मी फिरले, हे खरे आहे. निळा समुद्र, चुन्याने रंगवलेली बेटांवरची घरे, हजारो वर्षांपूर्वीचे पडके खांब हे सारे मी पाहिले. पण ते कोणासोबत आणि कशासाठी पाहिले, तेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म पत्र्याच्या एका मोठ्या शेडात झाला. एका बाईने मला चेन शिवली, दुसरीने चाके बसवली. मग टेम्पोत घालून मला संगमनेरला आणले. तिथे बाजारपेठेतल्या एका दुकानाच्या दारात मी कितीतरी दिवस लटकत होते. दुकानदाराने माझ्या पोटात जुनी वर्तमानपत्रे कोंबली होती. त्यामुळे मी बाहेरून भरलेली दिसे आणि आत नुसती रद्दी असे.

एके दिवशी दुकानात बापलेक आले. बापाचे नाव याकोब साळवे. ते दूध संघाचा टँकर चालवत. मुलाचे नाव नोहा. शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, नोहाने तारू बांधून पुरातून सगळ्यांना वाचवले, म्हणून आजोबांनी हौसेने हे नाव ठेवले होते. नोहाने हॉटेलचा कोर्स केला होता आणि त्याला परदेशी प्रवासी जहाजावर लाँड्रीत काम मिळाले होते.

"पप्पा, हीच घेऊ. निळी हाय, लांबनं वळखू येती," तो म्हणाला.

याकोबभाऊंनी मला जमिनीवर ठेवून दोनदा पुढे-मागे ओढले, हँडल दाबून पाहिले आणि मान हलवली. अशी मी त्या घरची झाले.

त्यांचे घर प्रवरा नदीच्या अलीकडे, ख्रिस्ती वस्तीत होते. नोहाची आई दयाबाई रविवारी चर्चमध्ये लहान मुलांना शास्त्रपाठ शिकवत. त्यांनी मला पहिल्यांदा भरले, तेव्हा कपड्यांपेक्षा खाण्याच्या वस्तूच जास्त होत्या. शेंगदाण्याची चटणी, कुरडया, लिंबाचे लोणचे. नोहा हसत एकेक वस्तू काढी आणि दयाबाई मागच्या बाजूने ती पुन्हा आत ठेवत. माझ्या आयुष्यात इतके हसू मी नंतर कधीच ऐकले नाही.

जहाजावर माझी जागा नोहाच्या पलंगाखाली होती. त्याच्या खोलीला खिडकी नव्हती. जहाज रोज सकाळी नव्या बंदराला लागे. प्रवासी टोप्या घालून उतरत, बेटे आणि जुनी देवळे बघायला जात. नोहा मात्र जहाजाच्या तळाशी त्यांच्या चादरी धूत असे. त्याच्या हाताला साबणाचा वास येई. कधीमधी अर्ध्या दिवसाची सुटी मिळाली की तो बंदरावर जाई आणि आईला मोबाईलवरून सगळे दाखवी.

"आई, हे बघ. इफिस हितनं जवळच हाय. तू पोरांना शिकवती ना, तेच. आन् ते लांब डोंगरावानी दिसतंय ना, ते पात्म बेट हाय, आसं आमच्यातला एक जण म्हनतो."

"खरंच हायती व्हय रे ती गावं?" दयाबाई विचारत.

"खरी म्हंजी काय! तुला एकदा आनतोच हिकडं."

"मला कशाला आनतो? तूच ये लवकर घरी."

तो दोनदा घरी येऊन गेला. प्रत्येक वेळी वस्तीतली मुले माझ्याभोवती जमत, माझ्यावरच्या पट्ट्यांना बोट लावून गावांची नावे वाचत. "जहाजावरची बॅग हाय," असे एकमेकांना सांगत. मित्रांनो, मला तेव्हा फार अभिमान वाटे.

तिसऱ्या वेळी तो गेला आणि परत आला नाही.

काय झाले, ते मला माहीत नाही. मी पलंगाखाली होते. एका संध्याकाळी काम संपवून तो जहाजाच्या मागच्या उघड्या भागात वारा खायला गेला, एवढेच सगळे सांगतात. सकाळी तो कामावर आला नाही. जहाज मागे फिरले, बोटींनी शोधले, वरून हेलिकॉप्टर फिरले. दोन बेटांमधल्या त्या पाण्यात काहीच सापडले नाही. तो पाय घसरून पडला की आणखी काही झाले, हे कोणी पाहिले नव्हते. मग एका अनोळखी माणसाने मला बाहेर ओढले, नोहाचे सगळे सामान माझ्यात भरले आणि चेनेला प्लास्टिकची पट्टी आवळली.

याकोबभाऊ मला घ्यायला मुंबईला आले. परतीच्या एसटीत कंडक्टर म्हणाला, "बॅग वर ठेवा." पण त्यांनी मला संगमनेरपर्यंत मांडीवरच धरून ठेवले.

घरी दयाबाईंनी पट्टी कापली. आत कपडे नीट घड्या घालून ठेवले होते. त्यांनी वरच्या शर्टाच्या घडीवरून बोट फिरवले.

"ह्या घड्या त्याच्या न्हाईत," त्या म्हणाल्या. "तो गुंडाळून ठिवतो."

मग त्यांनी एकेक कपडा काढला आणि नोहासारखा गुंडाळून पुन्हा माझ्यात ठेवला. त्या दिवसापासून मी कपाटावर भरलेलीच राहिले. दर काही आठवड्यांनी त्या मला खाली काढत, कपडे धूत, उन्हात वाळवत आणि परत गुंडाळून ठेवत. याकोबभाऊ बादली उचलून द्यायचे, दोरी बांधून द्यायचे. वाळत घातलेल्या त्या कपड्यांकडे बघणे मात्र ते टाळत.

दयाबाईंचे म्हणणे साधे होते. नोहा लहानपणापासून प्रवरेच्या डोहात पोहत आला होता. त्याला पाण्याने नेले, हे त्यांना पटत नव्हते. शेजारच्या गोजरबाईंची नात निकिता कॉलेजात होती. तिच्या मोबाईलवर दयाबाईंनी त्या समुद्राचा नकाशा पाहिला.

"एवढी बेटं!" त्या म्हणाल्या. "मंग कुठंतरी लागला आसंल की गं. डोक्याला मार बसला आसंल. आपलं गाव आठवत नसंल त्याला."

 निकिताने नकाशा आणखी मोठा करून दाखवला. आणखी बेटे दिसू लागली.

अशी काही वर्षे गेली. एका रविवारी उपासनेनंतर चर्चचे पाळकसाहेब इमॅन्युएल यांनी सांगितले की प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, वाटेने तुर्कस्तान आणि ग्रीसला एक सहल जाणार आहे. इफिस, पात्म, अथेनै म्हणजे अथेन्स, करिंथ, सगळी शास्त्रात येणारी ठिकाणे. नावे ऐकताच दयाबाई बसल्या जागी ताठ झाल्या. जहाज कंपनीने भरपाई म्हणून दिलेली रक्कम तोवर बँकेत तशीच पडून होती. दयाबाईंनी तिला हात लावला नव्हता.

"त्याचाच पैसा हाय," त्या घरी आल्यावर म्हणाल्या. "त्याला हुडकायला लागू द्या."

याकोबभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. "जाऊ," ते म्हणाले.

स्वतःचे सामान त्यांनी दुसऱ्या पिशव्यांत भरले. माझ्यात फक्त नोहाचे कपडे होते.

तुर्कस्तानातल्या एका किनारी गावात आमचा पहिला मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी सगळे इफिस पाहायला निघाले, तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "दयाबाई, बॅग हॉटेलातच राहू द्या. तिथं फार चालायचं आहे."

"हे त्याचं हाय, पाळकसाहेब. हाटेलात कसं ठिवू?"

त्यांनी मला ओढतच नेले. इफिस हे एकेकाळी समुद्रकाठचे मोठे शहर होते. आता समुद्र कितीतरी मागे सरकला आहे आणि शहर पडून राहिले आहे. उतारावरून पांढऱ्या दगडांचा रुंद रस्ता जातो. दोन्ही बाजूंना खांब उभे आहेत आणि त्यांच्यावर छप्पर नाही. एका मोठ्या इमारतीची नुसती दर्शनी भिंत उरली आहे. दरवाजे आहेत, पण आत जायला घरच नाही. त्याच रस्त्यावर एका फटीत माझे चाक अडकले आणि मोडले. मागून येणारी परदेशी माणसे थांबली. याकोबभाऊंनी मला उचलून खांद्यावर घेतले. पुढच्या सगळ्या प्रवासात मी त्यांच्या खांद्यावरच राहिले.

तिथल्या दगडी रंगमंडपात आमच्या लोकांनी पायऱ्यांवर उभे राहून गीत म्हटले. आवाज सगळीकडे घुमला. दयाबाई गात नव्हत्या. त्या पाणी विकणाऱ्या माणसाला, पहारेकऱ्याला, मांजरांना खायला घालणाऱ्या एका म्हाताऱ्याला नोहाचा फोटो दाखवत होत्या. त्यांना भाषा येत नव्हती. त्या फोटोवर बोट ठेवत आणि मग आपल्या छातीवर हात ठेवत. लोक फोटो नीट पाहत, नकारार्थी मान हलवत. कोणीही त्यांना झिडकारले नाही, हे मी आवर्जून सांगते.

मग बोटीने आम्ही पात्म बेटावर गेलो. दयाबाईंनी बंदरावरची सगळी दुकाने पालथी घातली. तिथेही कोणी ओळखले नाही. पुढच्या प्रवासात बोट एका लहानशा बेटावर मुक्कामाला थांबली. त्या बेटाचे नाव तिथल्या अक्षरांत लिहिले होते, मला ते वाचता आले नाही. उतारावर चढत गेलेली पांढरी घरे, निळ्या खिडक्या, वर एक चर्च आणि खाली मासेमारीच्या बोटी. तिथल्या बेकरीत एका बाईने फोटो हातात घेतला आणि ती खूप वेळ पाहत राहिली. मग तिने बंदराकडे हात केला. त्या टोकाच्या खानावळीत असा एक मुलगा काम करतो, असे ती खुणांनी सांगत होती.

दयाबाई पळत सुटल्या. मित्रांनो, त्यांचे गुडघे दुखत असत, जिना चढताना त्या प्रत्येक पायरीवर थांबत. त्या दिवशी त्या पळाल्या. त्यांच्या मागे मला खांद्यावर घेऊन याकोबभाऊ पळत होते. त्यांची छाती धडधडत होती, ती मला कळत होती. आजवर ते कधीच काही बोलले नव्हते, पण त्या क्षणी त्यांनाही वाटले होते की तो भेटेल, मित्रांनो. त्यांनाही वाटले होते.

खानावळीच्या मागच्या दारात एक तरुण ताटे घासत बसला होता. रंगाने सावळा, केस कुरळे. त्याने वर पाहिले. तो नोहा नव्हता. नोहासारखा जरासुद्धा नव्हता. त्या बाईला आपल्याकडची माणसे सगळी सारखीच दिसली असतील.

तो पंजाबचा होता. दयाबाईंनी त्याचा ओला हात हातात घेतला आणि मोडक्या हिंदीत विचारले, "खाना खाया क्या, बेटा?" त्याला सगळे समजल्यावर त्याने दोघांना खुर्चीवर बसवले, पाणी दिले. मग तो याकोबभाऊंना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "अंकल, समंदर से जो मिलते हैं, उनको ऊपर दफनाते हैं. चर्च के पीछे. देखना है तो मैं ले चलता हूँ."

याकोबभाऊ लगेच उठले. दयाबाई मागोमाग आल्या.

चर्चच्या मागे दगडी कुंपणात काही कबरी वेगळ्या होत्या. त्यांच्यावर नावे नव्हती, फक्त सापडल्याच्या तारखा होत्या. लहान होड्यांतून युद्धापासून पळून येणारी आणि वाटेत बुडणारी माणसे तिथे होती. कोणाकोणाच्या दगडावर शिंपले ठेवले होते. देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या बाईला पंजाबी तरुणाने तिच्या भाषेत विचारले. याकोबभाऊंनी नोहा हरवल्याचा महिना सांगितला, वर्ष सांगितले. म्हातारी प्रत्येक दगडाशी वाकून बघत गेली. परत येऊन तिने दोन्ही हात उघडे केले. त्या वर्षी तिथे कोणीही सापडले नव्हते. आजूबाजूच्या बेटांवरही तिने कोणाला तरी फोन करून विचारले. तिथेही नव्हते. समुद्र सगळ्यांना परत देत नाही, असे ती म्हणाली, आणि त्या तरुणाने ते आम्हाला सांगितले.

दयाबाईंचा चेहरा उजळला. "बगा," त्या म्हणाल्या, "न्हाई ना हितं? म्हंजी जिता हाय तो."

याकोबभाऊ कुंपणाला टेकून खाली बसले आणि मोठ्याने रडू लागले. तेव्हा मला कळले की दयाबाई मुलगा शोधायला आल्या होत्या आणि याकोबभाऊ कबर शोधायला. एखादा दगड मिळाला असता, तर त्यांनी त्यावर हात ठेवला असता, प्रार्थना केली असती, आणि मग कदाचित टँकर चालवताना त्यांना समोरचा रस्ता नीट दिसला असता. त्यांना तेवढेही मिळाले नाही. दयाबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि पुढे करिंथला विचारू, अथेनैला विचारू, असे सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बायका खाली प्रार्थनेला गेल्या, तेव्हा याकोबभाऊंनी मला उचलले आणि ते एकटेच वर चर्चमध्ये आले. दाराशी एक मोठी लाकडी पेटी होती. समुद्रातून भिजून येणाऱ्या माणसांसाठी लोक तिच्यात कपडे टाकत. त्यांनी माझी चेन उघडली. एकेक शर्ट, एकेक पँट त्यांनी पेटीत ठेवली. हे कपडे पुन्हा घरी नेऊन पुन्हा दोरीवर वाळताना बघणे त्यांच्याने होणार नव्हते. ते वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. ते थकले होते. शेवटी एक लाल टी-शर्ट उरला. तो त्यांनी तोंडाशी धरला. त्याला आता फक्त आपल्याकडच्या धुण्याच्या पावडरीचा वास होता. मग तोही त्यांनी आत टाकला.

बंदरावरच्या दुकानातून त्यांनी ऑलिव्हचे साबण आणि सुके अंजीर घेतले आणि माझे पोट भरले. मी तेवढीच जड राहिले. खांद्यावर तेच मला वाहत असल्याने दयाबाईंना काही कळले नाही. अथेनैच्या टेकडीवर त्यांनी फोटो दाखवला. करिंथच्या पडक्या बाजारातही दाखवला. तिथे फक्त दगड होते, सरडे होते आणि आमच्यासारखेच दुसरे प्रवासी होते. पाळकसाहेब प्रत्येक ठिकाणी त्यांच्यासाठी थांबत आणि घड्याळाकडे बघत नसत. दयाबाई दमल्या की याकोबभाऊ मला खाली ठेवत आणि त्या माझ्यावर बसून विसावा घेत.

घरी आल्यावर दुपारी दयाबाईंनी अंगणात बादली भरली, साबण विरघळवला आणि माझी चेन उघडली.

आत साबणाच्या वड्या आणि सुके अंजीर पाहून त्यांनी तळापर्यंत हात घातला.

"कपडे कुठं हायती?" त्यांनी विचारले.

"तिकडंच दिले," याकोबभाऊ म्हणाले. "चर्चमधी. भिजून येनाऱ्या लोकांना."

"समदे?"

"व्हय."

"लाल टी-शर्ट बी?"

याकोबभाऊंनी होकारार्थी मान हलवली.

"मंग तो आल्यावर घालंल काय?"

"दया," याकोबभाऊ म्हणाले, "तो येनार न्हाई."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्या घरात कोणीच उच्चारले नव्हते. दयाबाई हळूच खाली बसल्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही.

"मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "पयल्या दिसापासनं ठाव हाय. पर तुमी बोलाया नको हुतं."

मग त्यांनी बादली उचलून पाणी झाडांना घातले.

त्यानंतर त्यांनी निकिताला नकाशा दाखवायला सांगितले नाही. कोणाला फोटो दाखवला नाही. त्या स्वयंपाक करत, रविवारी मुलांना शास्त्रपाठ शिकवत. वस्तीतले लोक म्हणू लागले, "सहलीनं चांगलं झालं. सावरल्या बाई." मी घरातच होते, म्हणून मला खरे माहीत आहे. दयाबाईंचे बोलणे कमी होत गेले. जेवण वाढले की हाक, दार लावले की नाही एवढी चौकशी. याकोबभाऊ समोर बसत, पण त्यांच्यात सांगण्यासारखे काही उरले नव्हते. पूर्वी ते दोघे मिळून दोरीवर कपडे वाळत घालत, तेवढा एक उद्योग तरी दोघांचा होता.

याकोबभाऊंनी एकदा पाळकसाहेबांना फोन करायला लावला. ते कपडे परत मिळतील का, निदान तो लाल टी-शर्ट, असे विचारायला सांगितले. बेटावरून निरोप आला की पेटी तेव्हाच रिकामी झाली, कपडे कोणाकोणाच्या अंगावर गेले, ती माणसे पुढे कुठे गेली ते सांगता येत नाही. याकोबभाऊंनी ते दयाबाईंना सांगितले.

"आसू द्या," त्या म्हणाल्या आणि भाजी निवडत राहिल्या.

काही दिवसांनी त्यांनी मला गोजरबाईंना देऊन टाकले. गोजरबाई गोधड्या शिवतात. आता त्या माझ्यात जुन्या साड्यांच्या चिंध्या ठेवतात. ओसरीच्या कोपऱ्यात मी पडून असते. माझ्यावर कोंबडी बसते. दयाबाई कधी गोजरबाईंकडे आल्या, तर माझ्याकडे पाठ करून बसतात. मला त्याचा राग येत नाही. मला बघून त्यांना काय आठवणार, हे मला माहीत आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू स्वतःसाठी काहीतरी मागतात. मला आता नवे चाक नको, नवी चेनही नको. माझे एवढेच ऐका. तुमच्या घरात कोणी एखादी बॅग, एखादी पेटी किंवा एखादे कपाट असेच भरून ठेवले असेल, आणि तुम्हाला वाटत असेल की आता यात काय अर्थ आहे, तर थोडे थांबा. ती ज्याने भरली आहे त्यालाही बहुतेक सगळे ठाऊक असते. त्यावर धूळ बसली तर वरून पुसा. उंदीर लागणार नाहीत एवढे बघा. आतले तसेच राहू द्या.